पोचा भिंतीकडे

नीटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या गल्लीत टेम्पो यायला लागतात. लोखंडी कॉट, गुंडाळलेल्या गाद्या, कूलर, बादल्या, सुतळीनं बांधलेली पुस्तकं. ड्रायव्हरशेजारी वडील बसतात आणि मुलगा मागं सामानावर. वर्षभर ज्या गल्लीत सायकल टेकवायला भिंत मिळत नाही, ती चार दिवसांत रिकामी होते. उरतात ते क्लासचे फलक, त्यांच्यावरची मागच्या वर्षीची हसरी पोरं आणि पोरांखाली लिहिलेले मार्क. बाकीच्या मुलखात खरीप आणि रब्बी असे हंगाम असतात, आमच्या लातुरात ॲडमिशनचा आणि पेपरचा. मधल्या या रिकाम्या दिवसांना माझी बायको मंगल ‘उघडीप’ म्हणायची.

तसं म्हणायचा तिला हक्क होता. क्लाससाठी लातुरात येऊन राहिलेल्या मुलामुलींना तिनं वीस-बावीस वर्षं जेवणाचे डबे दिले. उघडीप आली की पहिल्या दिवशी ती झोप काढायची, दुसऱ्या दिवशी गाद्या उन्हात घालायची आणि तिसऱ्या दिवशी, “औंदा कुणी आलंच न्हाई तर?” म्हणून काळजी करत बसायची. यंदा माघात ती गेली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात आता मी एकटा. दुपारी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. ओटा कोरडा असतो. इतकी वर्षं मी तो कधी कोरडा बघितला नव्हता आणि आता तो माझ्याच्यानं बघवत नाही.

मी इतिहासाचा मास्तर. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या गावात इतिहास शिकवत मी उभी हयात काढली. माझ्या तासाला पोरं बाकाखाली गणितं सोडवायची. मी बघूनही न बघितल्यासारखं करायचो, कारण त्यांच्या आईबापांनी त्यांना कशासाठी धाडलंय हे मलाही ठाऊक होतं. तरीही दर वर्षी पहिल्या तासाला मी एक वाक्य ठरवून सांगायचो, की बाळांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाची होती हे एकदा विचारा. हे वाक्य मी कोणत्या तोंडानं सांगत होतो, ते आता लिहितो.

मंगलचं माहेर किल्लारीच्या अलीकडचं, औसा तालुक्यातलं एक लहान गाव. काळ्या दगडांची, मातीत रचलेली, दोन दोन हात रुंद भिंतींची घरं. जावयाला दुपारी झोपायला त्यासारखी जागा नाही, उन्हाळ्यातही आत गार. भूकंपाच्या साली गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या भिंती खाली आल्या. मंगलची आई गयाबाई, भाऊ, भावजय आणि त्यांची दोन लेकरं, पाचही जणं आतच राहिली.

मी शाळेतल्या मास्तरांबरोबर मदतीला गेलो. काय बघितलं ते मंगलला कधी सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी एका जवानानं मला विचारलं, हे घर तुमच्या नात्यातलं का, आणि एक पोतं माझ्या हातात दिलं. आत एक पितळी परात, दोन तपेल्या, एक पळी आणि तांब्याची घागर होती. घागरीच्या गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं, गयाबाई.

ती घागर मला माहीत होती. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हाच मंगलनं मला तिची गोष्ट सांगितली होती. दहा-अकरा वर्षांची असताना तिनं ती विहिरीच्या पायऱ्यांवरून सोडली. घागर गडगडत खाली गेली आणि तिच्या पोटाला मुठीएवढा पोचा पडला. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मंगल दिवसभर गोठ्यात लपून बसली. संध्याकाळी आईनं तिला हाक मारली, जेवायला वाढलं आणि घागर मांडणीवर ठेवताना पोचा भिंतीकडे फिरवला. बस, एवढंच. पुढं रोज घागर घासली जायची, भरली जायची आणि ठेवताना पोचा भिंतीकडे जायचा. मंगलच्या वडिलांना तो पोचा मरेपर्यंत कळला नाही.

त्या दिवसांत सगळं लातूर बाहेर झोपत होतं. मैदानात, रस्त्याच्या कडेला, ताडपत्र्या बांधून. मंगल आमच्या ताडपत्रीखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. रडत नव्हती. मी गावाहून परत आलो की एकच विचारायची, “काही निघालं का?”

पोतं मिळालं त्या दिवशीही तिनं तेच विचारलं. पोतं मी शाळेत, नकाशांच्या खोलीत ठेवून आलो होतो.

“काही नाही निघालं,” मी म्हणालो.

मला वाटलं, ती घागर बघून ही कोसळेल. ती माती मला हिच्या हातात द्यायची नव्हती. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे, की मला स्वतःलाच ते पोतं घरात नको होतं. त्याचा वास माझ्या नाकातून जात नव्हता. तिला जपतोय असं म्हणत मी स्वतःलाच जपत होतो, हे कळायला मला बराच काळ लागला.

थंडी सरता सरता आम्ही घरात झोपायला लागलो. एके दिवशी मंगल आपणहून बोलली. शेजारच्या खोलीत मुखेडची दोन मुलं क्लाससाठी राहायला आली होती आणि दोन्ही वेळा पाव खात होती. “त्यांना डबा द्यावा म्हनते,” ती म्हणाली. “पन डबे पायजेत.” चार-पाच महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. मला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी नकाशांच्या खोलीतलं पोतं सायकलला बांधून मी थेट भांड्यांच्या दुकानात गेलो. आमच्याकडं जुनं तांबं-पितळ मोडीत देऊन त्याच्या बदल्यात नवं स्टील घ्यायची रीतच आहे. त्या वर्षी तर दुकानासमोर चेमटलेल्या भांड्यांचे ढीग होते. मी पोतं त्यात रिकामं केलं आणि स्टीलचे आठ डबे घेऊन आलो. चार पुडांचे, जाड पत्र्याचे.

“शाळेतनं मिळाले,” मी सांगितलं.

मंगलनं एका डब्यावर नखानं टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला. “चांगले जाड हायेत,” ती म्हणाली. सात पोरांसाठी ठेवले आणि आठवा माझ्याकडं सरकवला. “ह्यो तुमचा. शाळेत न्यायला.”

तेव्हापासून मी तो डबा रोज शाळेत नेऊ लागलो. बाकी शिक्षकांत माझ्या डब्याची कीर्ती होती. पालेभाजीत दाण्याचं कूट, वरून लसणाचा ठसका, आणि शनिवारी धपाटे. मला मात्र पहिल्या घासाला घागर आठवायची. पुढच्या घासांना आठवायची नाही, हेही सांगायला हवं. माणूस भुकेपुढं सगळं विसरतो आणि मी तर चवीनं खाणारा माणूस.

मुखेडच्या दोन मुलांची दहा झाली, दहाची तीस. लातूरचं नाव झालं. नगरपासून विदर्भापर्यंतची पोरं यायला लागली, घरमालकांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या, आणि मंगलचा दिवस कणकेच्या परातीनं सुरू होऊन कणकेच्या परातीनंच संपू लागला. डब्यांची संख्या वाढली, नवे डबे आले, पण पहिल्या सातांना पोरांत मान होता. डाळ गरम राहते म्हणायची. मंगलचा एकच नियम होता, डबा ज्याचा त्यानं घासून द्यायचा. “तुमची आई इथं न्हाई अन् मी तुमची मोलकरीन न्हाई,” असं ती ठणकावून सांगायची. पोरं निमूट घासायची. घरी कधी चमचा न उचललेली पोरंसुद्धा.

भूकंपाला सहा-सात वर्षं झाली असतील, तेव्हाची एक उघडीप. मी म्हणालो, “चल, कुठंतरी जाऊ. दोन दिवस.” लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती आणि आम्ही दोघं कुठं म्हणून फिरायला गेलो नव्हतो.

“कुटं?”

“महाबळेश्वर?”

“तितं काय हाय? थंडीच की.” तिनं विचार केला. “मला दुसऱ्याच्या हातचं खायचंय. आयतं. ताटावर बसायचं अन् उठायचं. नांदेडला चला. पोरं सांगायलीत, तितं सकाळी सकाळी खिचडी अन् खट्टा मिळतंय म्हनून.”

नांदेडला हवापालटाला जाणारं आमच्याइतकं शहाणं जोडपं दुसरं झालं नसेल. वैशाखात, तेही एसटीनं. माझे शाळेतले मित्र आजही त्यावरून चिडवतात. पण मला नांदेडमधली दोन संग्रहालयं बघायची होती. आणि मुख्य म्हणजे, या दोन दिवसांत मंगलला घागरीचं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. घरात ते जमत नव्हतं. घरात सारखे ते डबे समोर असायचे.

अहमदपूर मागं पडलं तसं ती खिडकीतून बाहेर बघत बोलायला लागली. कुणाच्या मळ्यात काय उभं आहे, कुणाचं पत्र्याचं घर नवं आहे. लोह्याला भजी घेतली. मी दोनदा घसा खाकरला आणि दोनदा दुसरंच काहीतरी बोललो.

लॉजवर तिनं तळमजल्याची, दाराजवळची खोली मागितली. खोलीत गेल्या गेल्या वर बघितलं, छत कशाचं आहे ते. ही सवय तिची कायमची. कुणाच्याही घरी गेली तरी आधी छत बघायची, मग माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खिचडी खायला गेलो. टेबलावर पिवळी, मसूर घातलेली खिचडी, भाजलेला पापड आणि वाटीत ते आंबटढाण खट्टं. मंगलनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं चव घेतेय. ती तपासत होती. “चिंच, तीळ भाजून, अन् कांदा कच्चाच चिरलेला,” ती म्हणाली. “सोपं हाय. पोरं खातील.” दुसरी प्लेट तिनं स्वतः मागवली. खाऊन झालं आणि ती दोन्ही प्लेटा उचलून मोरीकडं निघाली, घासायला. वेटर मागं धावला, “अरे अम्मा, रहने दो, नक्को!” आणि मग ती ओशाळून इतकी हसली, की पदर तोंडावर घ्यावा लागला. सात वर्षांत तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं. तिथं, त्या चहाच्या वासात, मला फार बरं वाटलं. हे हसणं मोडायचं कशाला, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच मान्यही केला.

मग पहिल्या संग्रहालयात तलवारी, भाले, ढाली बघितल्या. मी प्रत्येक पाटी वाचत होतो. मंगल म्हणाली, “एवढं कापायचं सामान, अन् एक इळी न्हाई.” दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. जेवण होताच ती मागं गेली आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसली. “आयतं खायला आली होतीस ना?” मी विचारलं. “बसवना झालंय,” ती म्हणाली. तासभर ती लाटत होती आणि मी भिंतीला टेकून तिची वाट बघत होतो.

दुसरं संग्रहालय म्हणजे एका गृहस्थाचं राहतं घर. विष्णुपुरीच्या धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले काका, जुन्या वस्तूंचा नाद. पुढच्या तीन खोल्यांत त्यांनी कंदील, कुलपं, अडकित्ते, लाकडी मापं मांडली होती. मंगल उंबऱ्यावर थांबली.

“वर काय हाय हो? दगड?”

“पत्रे आहेत बाई, निवांत या,” काका म्हणाले. असं विचारणारी ती पहिली नसावी.

तिसऱ्या खोलीत भांडी होती. पायऱ्यांसारख्या फळ्यांवर ओळीनं. नावं घातलेली भांडी काकांनी मुद्दाम वेगळी काढली होती. मी वाकून वाचायला लागलो. एका समईवर लिहिलं होतं, अमुकबाई यांजकडून भाची अमुक हिस सप्रेम, हस्ते मामा.

“हस्ते म्हंजे?” मंगलनं विचारलं.

“ज्याच्या हातून वस्तू पोचली तो. देणारी मावशी, पोचवणारा मामा.”

“म्हंजे हमाल.”

“हमाल कसा? त्यानं पोचवली नसती तर मिळाली असती का?”

“तेबी खरंच,” ती म्हणाली आणि पुढं सरकली.

मग ती थांबली. मी अजून समईपाशी होतो, पण तिचं थांबणं मला पाठीमागून कळलं. वरच्या फळीवर, कोपऱ्यात, तांब्याची एक घागर होती. काकांनी ती चिंचेनं घासून लख्ख केली होती आणि तिचं नाव भिंतीकडं होतं, त्यामुळं मी ती ओळखली नव्हती. मंगलच्या समोर पोचा होता.

“ती जरा फिरवता का?” मंगल म्हणाली.

“तुम्हीच फिरवा की. हात लावा, काही होत नाही.”

तिनं दोन्ही हातांनी घागर खाली उतरवून घेतली आणि फिरवली. गळ्याखालचं नाव समोर आलं. मंगलनं नावावरून अंगठा फिरवला, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

“कुटनं मिळाली?” तिनं विचारलं.

“लातूरहून. एका भांड्यांच्या दुकानात मोडीत आली होती, भूकंपाच्या साली. वितळायलाच चालली होती, मी उचलून आणली. कुणी दिली ते काही कळलं नाही.” काकांनी तिच्याकडं नीट बघितलं. “तुमच्या ओळखीची आहे का बाई? असेल तर न्या. माझ्यापेक्षा तुमच्या घरी शोभेल.”

आता बोलावं, असं मला वाटलं. तोंड उघडलंसुद्धा.

“न्हाई,” मंगल म्हणाली. “आमच्याकडं अशीच एक होती. पन ती न्हाई ही.” आणि तिनं घागर पुन्हा फळीवर ठेवली, पोचा भिंतीकडे फिरवला, नाव खोलीकडं केलं, आणि पदरानं बोटांचे ठसे पुसून काढले.

मी सुटलो. दुसरा शब्द मला सापडत नाही. हिनं ओळखली नाही, गयाबाई नावाच्या बायका गावोगाव आहेत, पोचे तर काय कुठल्याही घागरीला पडतात, असं मी तिथल्या तिथं स्वतःला पटवून टाकलं. पुराव्यावाचून बोलू नये असं पोरांना शिकवणारा मी, समोर नाव घातलेला पुरावा असताना.

संध्याकाळी विष्णुपुरीला गेलो. धरणाच्या मागं गोदावरीचं पाणी लांबवर पसरलेलं. काठावर एका दगडावर आम्ही बसलो. मंगलनं चपला काढून पाय पाण्यात सोडले. मग ती पाण्याकडं बघत म्हणाली,

“तुमाला काही बोलायचंय का?”

आवाजात राग नव्हता. शाळेत कधी कधी पोरगं काहीतरी फोडून येतं आणि आपण त्याला मऊ आवाजात विचारतो, तसं तिनं विचारलं होतं. मला हे आज कळतंय.

“ऊन लई झालंय,” मी म्हणालो. “निघू या.”

ऊन केव्हाच उतरलं होतं.

लातूरला परतल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात खट्टं करून बघितलं. चव जुळली. जूनमध्ये नवी पोरं आली. त्या सुमाराला एका दुपारी मी आत पडलो होतो आणि अंगणातून टक् टक् टक् असा बारीक आवाज येत होता. बराच वेळ. “काय चाललंय गं?” मी आतूनच विचारलं. “डब्याच्या कड्या ढिल्या झाल्यात, ठोकून घ्यायलेय,” ती म्हणाली. मी कूस बदलून झोपलो.

त्यानंतर पुष्कळ उघडिपी आल्या. दर वेळी मी ठरवायचो, यंदा सांगू. नांदेडला मात्र आम्ही पुन्हा गेलो नाही. मी एकदा विचारलं होतं, ती म्हणाली, “बघून झालंय की सगळं.” शेवटच्या आजारात तर वेळच वेळ होता. मी तिच्या उशाशी बसायचो, तिला पेज भरवायचो, आणि या अवस्थेत तिला त्रास कशाला द्यायचा असं म्हणून गप्प राहायचो. तिला जपायचं कारण मला कधीच कमी पडलं नाही.

परवा, गल्ली रिकामी झालेली असताना, एक बाई दाराशी आल्या. चष्मा, सुती साडी, हातात केळीची फणी. ओळख पटायला वेळ लागला. वैशाली, किनवटकडची. जंगलातल्या गावातून आलेली बुजरी पोरगी, दोन वर्षं मंगलचा डबा खाल्लेली. आता मुखेडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मंगल गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं.

“सर, गयाबाई काकू गेल्या आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“वैशाली, काकूंचं नाव मंगल होतं.”

“हो सर, ते नंतर कळलं मला. पण आम्ही पोरं गयाबाई काकूच म्हणायचो. तुमच्या मागं.” रडता रडता ती जरा हसली. “डब्याखाली नाव होतं ना. त्या जाड डब्यांच्या. घासताना दिसायचं. गयाबाईचा डबा कुणाला मिळणार म्हणून भांडणं व्हायची आमच्यात.”

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

“मी एकदा काकूंना विचारलं होतं, गयाबाई तुम्हीच का म्हणून. तर म्हणाल्या, ती माझी आई. तिची घागर होती तांब्याची, तिचे झालेत हे डबे. तुम्ही तिच्याच भांड्यात जेवायलाव, म्हनून अन्न टाकायचं न्हाई.” वैशालीनं डोळे पुसले. “मला आई नव्हती सर. मी खरंच कधी टाकलं नाही.”

ती गेल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावरची डब्यांची गोणी खाली काढली. जमिनीवर बसलो. सात डबे एकेक करून पालथे घातले. प्रत्येकाच्या तळाला, बरोबर मध्यभागी, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव होतं. गयाबाई. गयाबाई. गयाबाई. घासून घासून ठिपके बुजत आलेले, तरी वाचता येणारे. जूनमधली ती दुपार, तो टक् टक् आवाज, आणि आत कूस बदलून झोपलेला मी. तिला सगळं कळलं होतं. नांदेडच्या त्या खोलीतच, लातूरची मोड आणि भूकंपाचं साल ऐकताच, ते आठ डबे कुठून आले हे कळलं होतं. परक्या माणसापुढं माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती आईची घागर नाही म्हणाली होती, आणि मग नदीकाठी मला एकदा विचारून बघितलं होतं.

आठवा डबा गोणीत नव्हता. तो माझा. निवृत्तीनंतर तो स्वयंपाकघरातल्या फळीवरच असतो, त्यात हल्ली मी औषधं ठेवतो. तेवढी वर्षं मी तो हातात धरून शाळेत नेला, जेवलो, झाकण लावून परत आणला आणि ओट्यावर ठेवला. पोरांनी घासले म्हणून पोरांना कळलं. मी माझा डबा एकदाही घासला नाही.

औषधं काढून ठेवली आणि डबा उलटा केला. यावर दोन ओळी होत्या. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि शिलालेख वाचावा तसं बोट ठेवून वाचलं.

‘गयाबाईकडून मंगल हिस. हस्ते जावई.’

आता तो डबा मी फळीवर पालथाच ठेवला आहे.